जाळीची पहिली शाल: लाकडी गोल सुया आणि मेरिनो लोकर, थंडीभर वापरल्यावर

दिवाळीच्या आधी टाके घातले होते, थंडीभर शाल अंगावर होती, आता धुऊन कपाटात ठेवायची वेळ आली म्हणून लिहायला बसले. याआधी मला मफलर आणि बाळाची टोपी एवढंच येत होतं, म्हणजे सुलट, उलट आणि टाके बंद करणं. तेवढ्यावर जाळीची शाल होते, अगदी व्यवस्थित होते.

नक्षी घेतली लाटांची, स्कॉटलंडच्या उत्तरेला शेटलंड बेटं आहेत तिकडची जुनी. तिथल्या अन्स्ट बेटावरच्या शाली इतक्या तलम असायच्या की अख्खी शाल लग्नाच्या अंगठीतून ओढून काढता यायची. माझी लोकर त्यापेक्षा बरीच जाड, पण नक्षी त्याच घराण्यातली. एक लाट १८ टाक्यांची: दोन-दोन टाके एकत्र असं तीनदा, मग सुईवर दोरा घ्यायचा आणि एक सुलट असं सहा वेळा, मग परत दोन-दोन एकत्र तीनदा. सहा घटले, सहा वाढले, टाके तेवढेच. आणि हे चारातल्या एकाच ओळीत करायचं, बाकी तीन ओळी साध्या, टीव्ही बघत होतात. मी ९६ टाके घातले, पाच लाटा आणि दोन्ही काठांना तीन-तीन. दर लाटेला मार्कर, म्हणजे सुईत अडकवायची खुणेची छोटी रिंग, लावला की मोजणी १८ च्या पुढे जातच नाही, आणि गडबड झालीच तर कुठल्या लाटेत ते लगेच कळतं.

आता सुया. ४ मिमीच्या, लाकडी, टोकं बदलता येतात अशा, दोन टोकं जोडणारी ८० सेंमीची केबल. स्टीलवरून मेरिनो फार सरकते, नवीन माणसाने लाकडीच घ्याव्यात असं माझं ठाम मत आहे. टोक मात्र अणकुचीदार हवं, बोथट टोक दोन टाक्यांत एकत्र सहज शिरत नाही. आणि घेण्याआधी केबलच्या जोडावरून नख फिरवून बघा, नख अडकलं तर जाळीचा टाकाही तिथेच अडकणार. माझ्या सुयांचं पॉलिश टोकाला थोडं गेलंय पण कूस कुठे निघालेली नाही.

सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे केबलच्या जोडातलं बारीक भोक. ते खरं तर किल्ली घालून टोक घट्ट करायला असतं, पण त्यात शिवणाचा दोरा ओवून साधी ओळ विणली की दोरा आपोआप सगळ्या टाक्यांतून जातो, मग भोकातून सोडवून तिथेच राहू द्यायचा. पुढे काही सुटलं तर उसवायचं त्या दोऱ्यापर्यंतच, खालचं सगळं शाबूत. नक्षी दोनदा पूर्ण झाली, म्हणजे दर आठ ओळींनी, की घाला, कंटाळा करू नका.

लोकर १०० ग्रॅमला ४०० मीटरवाली, दोन लडी. इथे पैसे वाचवू नका, कारण सुईवरून उतरल्यावर शाल चुरगळलेली, आखूड दिसते, तिचं रूप येतं ते ब्लॉकिंगनंतर. कोमट पाण्यात भिजवायची, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबायची, पिळायची नाही, मग गादीवर चादर टाकून ताणून टाचण्या लावायच्या. काठाला प्रत्येक लाटेच्या उंचवट्यावर एक टाचणी लावली की काठ नागमोडी होतो आणि भोकं उघडतात, ते बघताना खूप भारी वाटतं. मेरिनो वाळली की तो आकार धरून ठेवते, ॲक्रिलिक नुसतं भिजवून ताणलं तर परत आक्रसतं.

वापरात कशी आहे? ऊब वजनाच्या मानाने भरपूर. खांद्यावर पर्सचा पट्टा घासतो तिथे गोळे आलेत, हाताने काढते. बांगडीत एकदा दोरा ओढला गेला, पण आजूबाजूचे टाके सुईच्या टोकाने हळूहळू सारल्यावर बसला जागेवर. धुवायला रिठ्याचं पाणी, आणि प्रत्येक धुण्यानंतर परत टाचण्या लावायच्या, हे काम कायमचं आहे बरं का. ठेवताना घडी घालून, हँगरवर नाही, लोंबून लांब होते. मी सुती पिशवीत ठेवलीये.

रंग फिकट घ्या, काळ्या-निळ्यात रात्री दिव्याखाली टाके दिसत नाहीत. रंगीबेरंगी लोकर बऱ्याच जाळ्यांमध्ये नक्षी खाऊन टाकते, या लाटांमध्ये मात्र पट्टे उलट खुलून दिसतात, पुढची तशीच करतेय.