पावसाचा कार्यक्रम: विवाल्डी की बीथोव्हेन?

मुंबईतल्या हौशी ऑर्केस्ट्राने नव्या हंगामात ‘पाऊस’ हा विषय घेतला, तर पाश्चात्त्य अभिजात संगीतातल्या दोन रचना लगेच पुढे येतात: विवाल्डीचे ‘चार ऋतू’ (१७२५) आणि बीथोव्हेनची सहावी सिंफनी (१८०८). दोन्ही साधारण चाळीस मिनिटांच्या.

विवाल्डीला तंतुवाद्ये आणि हार्पसिकॉर्ड (पियानोच्या आधीचं पट्ट्यांचं वाद्य) पुरतात. शिवाय प्रत्येक ऋतूसोबत एक सुनीत आहे. ते मराठीत करून आधी वाचलं, तर दादरच्या नवख्या श्रोत्यालाही उन्हाळ्यातली मरगळ, माश्यांची भुणभुण आणि शेवटचं वादळ नेमकं ऐकू येईल. अडचण एकच: सगळा भार एका व्हायोलिनवर. तो वादक कच्चा निघाला, की संध्याकाळ वाया.

बीथोव्हेनमध्ये काम वाटलं जातं. दुसऱ्या भागाच्या शेवटी बासरी नाइटिंगेल होते, ओबो (सनईच्या जातीचं वाद्य) लावा पक्षी आणि क्लॅरिनेट कुकू. पण टिंपनी (मोठे नगारे) आणि पिकोलो (छोटी बासरी) वाजतात फक्त चौथ्या भागात, वादळापुरते. म्हणजे काही मिनिटांसाठी टिंपनी टेम्पोतून आणायची, तीही जुलैत!

तरी मी बीथोव्हेनच निवडेन. हौशी मंडळी जमतात ती वाजवायला, एकाच्या मागे साथ धरायला नव्हे. ओबोवाला मात्र आत्तापासून शोधायला हवा.