शालिवाहनाच्या दंतकथेवरची कुमार कादंबरी : वाचनकट्ट्यावर आठ महिने वापरल्यानंतर

आषाढात सहा प्रती घेतल्या आणि फाल्गुनापर्यंत दोन गटांचं वाचन पूर्ण झालं. वाचणारी लेकरं १२ ते १६ वर्षांची. एका बैठकीत दोन प्रकरणं, साधारण पाऊण तास. २८ प्रकरणांना १४ बैठका लागतात. पैठणच्या दंतकथेवरची ही कादंबरी मातीच्या प्रकरणांसाठी जरूर घ्यावी. लढाईची प्रकरणं तेवढी पक्की नाहीत, तिथं वाचून दाखवणाऱ्यानं तयारीत राहावं. पुढं शेवट उघड होणार आहे, तेव्हा ज्यांना तो आधी कळायला नको त्यांनी इथंच थांबावं.

मूळ कथा इकडं ऐकून माहीत असते. गोदेच्या डोहातला शेषनाग, कुंभाराच्या घरी आसरा घेतलेली आई, मातीचे हत्ती-घोडे करून राजा-राजा खेळणारा पोरगा शालिवाहन, उज्जैनच्या विक्रमाची स्वारी आणि अमृत शिंपडताच उठून उभं राहिलेलं मातीचं सैन्य. चौदाव्या शतकातले जैन आचार्य जिनप्रभसूरी यांच्या विविधतीर्थकल्प या ग्रंथात प्रतिष्ठानपुराची, म्हणजे जुन्या पैठणची, हकिकत आहे, तिचा गाभाही हाच. तिथं कुंभाराचं घर म्हणजे फक्त राहण्याची जागा. कादंबरीनं त्या घरात एक कुंभारीण आजी आणली, आणि सगळ्या पुस्तकाचा जीव तिच्यात आहे.

पाचवं ते नववं प्रकरण सावकाश वाचा. आजी नातवासारख्या वाढवलेल्या त्या पोराला गाळ कुठून उचलायचा, खडे कसे वेचायचे, माती पायानं किती तुडवायची, तिच्यात लीद आणि राख का मिसळायची हे शिकवते. लीद आव्यात, म्हणजे कुंभाराच्या भट्टीत, जळून जाते, तिच्या जागी बारीक छिद्रं राहतात आणि वाफेला वाट मिळते, म्हणून भांडं तडकत नाही. हे लेखनात कुठंही पाठ दिल्यासारखं येत नाही. पोराचा पहिला घोडा उन्हात वाळवल्यामुळं मानेजवळ चिरतो. मान बारीक, ती आधी सुकते. धड जाड, ते ओलंच राहतं. आक्रसणं सारखं होत नाही आणि जोडावर भेग पडते. आजी तो घोडा मोडून पुन्हा पाण्यात भिजत घालते आणि दुसरा सावलीत, ओल्या फडक्याखाली ठेवते. पोळ्याचे बैल घरी केलेली लेकरं इथं मान डोलावतात.

पण याच भागात मोठी चूक आहे. नवव्या प्रकरणात पोरगा मनगटाएवढे जाड, भरीव हत्ती आव्यात भाजतो आणि शंभरच्या शंभर धड निघतात. असं होत नाही. भरीव गोळ्याच्या पोटातली ओल बाहेर पडायच्या आत वाफ होते आणि मूर्ती फुटते. धाराशिव जिल्ह्यातल्या तेरच्या संग्रहालयात पैठणच्या सातवाहन राजांच्या काळातल्या मूर्ती बघाव्यात. पुढचा अर्धा साचा वेगळा, मागचा वेगळा, दोन्हीत मातीचा पातळ थर दाबून जोडलेला, आत पोकळ. लेखकाला हे हाताशी होतं. एखादी सहल जमली तर हे प्रकरण वाचून झाल्यावर तेर गाठा. कादंबरीतलं सैन्य घडवायची खरी रीत तिथं काचेच्या कपाटात दिसते.

तीच चूक पुढं आणखी महागात पडते. २६व्या प्रकरणात विक्रमाचा पाठलाग करताना मातीचं सैन्य नर्मदेत उतरतं आणि विरघळतं. प्रसंग फार सुंदर लिहिला आहे. आधी घोड्यांचे खूर जातात, मग स्वारांची बोटं, आणि पोराच्या हातात ओल्या गाळाचा वास तेवढा उरतो. पण भाजलेली माती पुन्हा चिखल होत नाही. घाईत उठवलेले कच्चे शिपाई विरघळतील. ते शंभर हत्ती मात्र पाण्यातून पलीकडं गेले पाहिजेत. दोन्ही गटांत हा प्रश्न आला. पहिल्यांदा विचारणारी मुलगी कुंभारगल्लीतलीच होती. लेखकानं हत्ती कच्चे ठेवले असते किंवा शंभर हत्ती एकटेच पैलतीरावर उभे केले असते, तर शेवट याहून जबरदस्त झाला असता.

जादूचा नियमही मध्येच सैल होतो. सहाव्या प्रकरणात ठरतं की अमृत एका घड्यापुरतंच आहे आणि प्रत्येक मूर्तीला एक थेंब लागतो. इथून थेंब मोजत वाचायची गोडी लागते. २१व्या प्रकरणात घडा रिकामा झाला आणि नाग येऊन तो पुन्हा भरून गेला. त्यानंतर कुणी थेंब मोजत नाही, आणि नेमकी तिथूनच बैठकीत चुळबुळ सुरू होते. २१ ते २४ ही चार प्रकरणं एकाच बैठकीत निवडक वाचली तरी कथा तुटत नाही.

पुस्तकाच्या शेवटी हा सगळा इतिहास असल्यासारखी टीप छापली आहे. ती वाचून दाखवू नका, त्याऐवजी फळ्यावर दोन आकडे लिहा. विक्रम संवत इसवी सनापूर्वी ५७ पासून मोजतात, शालिवाहन शक इसवी सन ७८ पासून. दोन्हींत १३५ वर्षांचं अंतर, मग हे दोघे समोरासमोर लढले कसे? लेकरं इथं खरोखर जागी होतात. मग खरी झालेली लढाई म्हणून सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णी आणि त्यानं हरवलेला क्षत्रप राजा नहपान यांचं सांगा. नाशिक जिल्ह्यातल्या जोगळटेंभीला १९०६ मध्ये नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा १३ हजारांवर साठा सापडला, त्यातल्या बऱ्याच नाण्यांवर गौतमीपुत्रानं स्वतःचा शिक्का पुन्हा मारलेला आहे. दंतकथेची गोडी त्यानं कमी होत नाही.

भाषा पुस्तकी आहे. पैठणची कुंभारीण ‘इथे ये बाळा’ म्हणते, ते कानाला लागतं. मोठ्यानं वाचताना ‘इकडं ये लेकरा’ केलं की आजी लगेच घरातली होते.

बांधणी कच्ची. पानं शिवलेली नाहीत, नुसती चिकटवली आहेत. पत्र्याच्या खोलीत माघातच तीन प्रतींचा गोंद सुटला. नवी प्रत आली की पाठीवर पांढऱ्या गोंदाचा पातळ थर द्या, त्यावर मांजरपाटाची चार बोटं रुंद पट्टी बसवा आणि रात्रभर वजनाखाली ठेवा. नकाशा दोन पानांवर पसरला आहे आणि पैठण नेमकं मधल्या घडीत गेलंय, तो वेगळा मोठा काढून भिंतीवर लावावा.

घ्यायचं की नाही हे ठरत नसेल तर चौथं प्रकरण वाचून बघा. एक बाप मरताना आपल्या चार मुलांसाठी चार घडे ठेवतो: एकात सोनं, एकात काळी माती, एकात भुसा, एकात हाडं. वाटणीचा उलगडा शालिवाहन करतो. त्याच्या उत्तराआधी पुस्तक मिटा आणि विचारा. काळी माती म्हणजे रान, हे क्षणात येतं. भुसा म्हणजे कणगीतलं धान्य. हाडांपाशी अडतात, मग कुणीतरी ‘गुरं!’ म्हणून ओरडतं. कुठला वाटा घेशील म्हटलं तर सोन्याला हात फार थोडे वर होतात, बहुतेकांना काळी माती हवी असते. दुसऱ्या गटात त्यावर मागून एकानं विचारलं, ‘पण हीर कुणाच्या वाट्याला?’ कादंबरीत विहिरीचा उल्लेख नाही. ती बैठक दीड तास चालली.