आष्टा रस्त्यावरचा पाट्याचा कोयता : एक हंगाम वापरल्यावर

आधी निकाल सांगते. ऊस तोडायला हा कोयता घ्या. फक्त मूठ आपल्या हाताच्या मापाची करून घ्या आणि ती होईपर्यंत तिथून हलू नका.

आष्ट्याहून इस्लामपूरकडे निघालं की दसऱ्याच्या आसपास रस्त्याकडेला घिसाडी लोकांची पालं पडतात. दुकानाचं नाव, पाटी, बिल असलं काही नाही. गोणपाटावर विळे, खुरपी, कुऱ्हाडी, कोयते मांडलेले असतात आणि पलीकडे जमिनीतच भट्टी. भात्याच्या जागी आता हाताने फिरवायचा पंखा आलाय, तो बहुतेक घरातलं पोरगं फिरवत असतं. मांडलेल्यातला कोयता उचलून पैसे देऊन निघालात तर अडीचशेत काम होतं. समोर बसून पाट्याचा करून घेतला तर चारशे सांगतात. मला साडेतीनशेला दिला, वर पहिल्या दोन धारा फुकट.

पाटा म्हणजे ट्रकच्या कमानीचा जुना पाटा. हे स्प्रिंगचं पोलाद असतं, वाकतं पण तुटत नाही, आणि त्याला पाणी चांगलं बसतं, म्हणजे तापवून बुडवलं की ते कडक होतं. साध्या पट्टीचा कोयता दिसायला तसाच, पण दुपारपर्यंत त्याची धार पडते. ओळखायचं कसं? भट्टीवरच्या मामांनीच सांगितलं, कानस फिरवून बघा. साध्या लोखंडावर ती लगेच चावते, पाणी दिलेल्या धारेवर सहज चावत नाही, जोर लावावा लागतो.

करताना बघण्यासारखं असतं. मामा सांडशीनं लाल झालेला तुकडा ऐरणीवर धरतात आणि हातातल्या छोट्या हातोडीनं एक टिचकी मारतात. त्या टिचकीच्या जागी मावशींचा घण पडतो. टिचकी, घण, टिचकी, घण. बोलणं काही नाही. मामांनी हातोडी ऐरणीवर आडवी वाजवली की मावशी थांबतात. येणारे-जाणारे म्हणतात, लोहार बसलाय. घाम बघितला तर निम्म्याहून जास्त काम मावशींचं, आणि गिऱ्हाईक पैसे मामांच्या हातात देतं. मी मावशींच्या हातात दिले, तर त्यांनी न मोजता पिशवीत टाकले.

पाणी देणं हा खरा कसबाचा भाग. अख्खा कोयता पाण्यात घालत नाहीत. फक्त धारेकडची दीड बोटं पट्टी बुडवतात, मग बाहेर काढून विटेच्या तुकड्यानं घासून पांढरी करतात आणि वाट बघतात. पाठीकडची उष्णता धारेकडे सरकते तसा रंग चढतो : गवती पिवळा, मग तपकिरी, मग जांभळट. जांभळ्याची चाहूल लागली की सगळा बुडवायचा. निळा होऊ दिला तर धार मऊ पडते, पिवळ्यावरच बुडवला तर खड्यावर आपटून टवका उडतो. ह्या सगळ्याला जेमतेम एवढाच वेळ मिळतो की गिऱ्हाइकानं मध्ये प्रश्न विचारू नये.

आता मी कोण सांगणारी? माहेर जत तालुक्यातलं. लग्नाआधी आईवडिलांबरोबर टोळीत वाळवा, पलूस, कराड भागात फड तोडलेत. आता वाळवा तालुक्यात दीड एकर ऊस आहे, त्यातला निम्मा फुले २६५ वाणाचा, बाकी ८६०३२ वाणाचा. हंगामात टोळी वेळेवर येत नाही, आली तर तोडीचा करार असूनही खुशाली म्हणून वरचे पैसे मागते. म्हणून आम्ही पाच घरच्या बायका पैऱ्यानं एकमेकींचा ऊस तोडतो. तोडणीचे पैसे घरात राहतात. तेव्हा ह्या कोयत्यानं परसातली चार झुडपं नाहीत, पाच घरचा ऊस आडवा केलाय.

ऊस जमिनीलगत तोडायचा असतो. बुडख्याकडच्या कांड्यांत साखर जास्त, आणि वर खुंट ठेवला तर खोडव्याचे फुटवे जमिनीवरून फुटतात, मुळं धरत नाहीत. म्हणजे कोयता रोज मातीला लागणार, खड्याला लागणार. बाजारातला चकचकीत कोयता मार खातो तो इथेच. भाच्यानं मला एक ऑनलाइन मागवून दिला होता : स्टेनलेस, रबरी मूठ, डब्यात घालून, ९०० रुपयांच्या घरात. दिसायला देखणा. पण खड्यावर बसला की धार दुमडायची, आणि कानशीनं सरळ करत बसावं लागायचं. रबरी मूठ घामानं बुळबुळीत व्हायची. चार बायकांनी हातात घेऊन बघितला आणि चौघींनी परत दिला. सध्या तो नारळ फोडायला आहे, त्या कामाला उत्तम.

पाट्याचा कोयता खड्यावर बसला तर बारीक खाच पडते. बांधावर बसून कानशीचे आठ-दहा हात मारले की गेली. ८६०३२ एका घावात उतरतो, २६५ जाड असला तर दीड घाव म्हणा. वजन किराणा दुकानात करून बघितलं, साडेपाचशे ग्रॅम भरलं. हलका वाटेल, पण दिवसभर तोडणाऱ्याला ह्याहून जड नको. घावाचं काम धारेनं करायचं असतं, कोयत्याच्या वजनानं नाही. जड कोयता घेऊन फुशारकी मारणारे गडी चार वाजता खांदा चोळताना दिसतात.

आता मूठ. आपल्याकडे कोयत्याची मूठ वीतभर, बाभळीची, सरळ. ती धरून जमिनीलगत घाव घालायचा म्हणजे कंबरेत पूर्ण दुमडावं लागतं, आणि दिवसात हजारो घाव असतात. मी मामांना म्हटलं, मूठ चार बोटं लांब करा आणि शेपटीकडून जराशी वाकवा. ते हसले. "आक्का, लांब मूठ घिऊन बसायचं कसं? मोळी बांधताना आड येतीय." मी म्हटलं, मोळी बांधताना कोयता खाली ठेवीन. अर्धा तास गेला, पण दिली करून.

हे खूळ माझ्या डोक्यात मोबाइलवरनं आलं. रात्री रिकामी बसले की मी जगभरच्या ऊसतोडणीचे व्हिडिओ बघते, मुलगी त्याखालचं वाचून सांगते. मध्य अमेरिकेत, निकाराग्वा आणि एल साल्वाडोरमध्ये, ऊसतोड मजूर तरुणपणीच मूत्रपिंडं निकामी होऊन मरायला लागले. साखरेचा आजार नाही, रक्तदाब नाही, तरी. उन्हात जिवाच्या आकांतानं काम आणि अंगातलं पाणी आटणं हे त्यातलं मोठं कारण मानलं जातं. मग एल साल्वाडोरच्या फडांवर एक प्रयोग झाला : प्यायला पाणी पाठीवरच्या पिशवीत, विश्रांतीला हलवता येणारा मांडव, ठरलेल्या सुट्ट्या, आणि कमी वाकावं लागेल असा सुधारलेला कोयता. विश्रांती वाढली तरी माणशी तोड घटली नाही, वाढली. आपल्याकडे कोणी कोयत्याच्या मुठीचा असा विचार केल्याचं मी बघितलेलं नाही. मुकादम किती कोयते, म्हणजे तोडणारी जोडपी, आले ते मोजतो, हातात कसला आहे ते बघत नाही.

माझा अनुभव सांगायचा तर लांब मुठीनं कंबर पूर्ण सुटत नाही, पण दुपारी जेवायला बसताना हात टेकावा लागत नाही. आमच्यातल्या दोघींनी नंतर तशाच करून घेतल्या. तिसरी ठेंगणी आहे, तिला आखूडच बरी पडते. म्हणून म्हणते, माप आपलं आपण द्यायचं.

ऑस्ट्रेलियातल्या कोयत्याला पाठीकडे एक आकडा असतो, पाला ओढून काढायला. फिजीत गिरमिटिया, म्हणजे करारावरचे मजूर, म्हणून १८७९ पासून १९१६ पर्यंत आपली माणसं नेली, त्यांच्या वारसांच्या हातातही ऊस तोडायला रुंद पात्याचा कोयताच दिसतो. मला आकडा हवा होता, कारण आपण हिरवा ऊस तोडतो, जाळून नाही, आणि पाचट काढण्यातच निम्मा जीव जातो. मामांनी साफ नाही म्हटलं : आकडा पाल्यात अडकला तर मनगट मुरगळतं. असेल खरं, पण एक करून बघायला काय हरकत होती? ह्याबद्दल मी त्यांचा एक गुण कापणार आहे.

जाळण्यावरनं आठवलं. क्वीन्सलंडमध्ये १९३५ साली तोडकऱ्यांनी संप केला, हिरवा ऊस तोडणार नाही, आधी जाळा. उंदरांच्या मुतातून पसरणाऱ्या तापानं माणसं आजारी पडत होती, मरत होती. लेप्टो म्हणतात तोच. आणि ब्राझीलच्या साओ पावलोमध्ये उलट : धुरामुळे २००२ च्या कायद्यानं जाळणं टप्प्याटप्प्यानं बंद करायला घेतलं, तेव्हा कारखान्यांनी हार्वेस्टर आणले आणि कोयत्याचं कामच गेलं. तिथे एक गडी जाळलेला ऊस दिवसाला दहा-बारा टन तोडायचा. आमच्याकडे नवराबायको मिळून हिरव्यात दोन-अडीच टन करतात, त्यात मोळी बांधणं आणि गाडी भरणंही आलं.

त्या ब्राझीलची एक गोष्ट मात्र मला फार पटली. २००५ पासून तिथे नियम आहे की शेतावरच्या मजुराला अवजार मालकानं फुकट द्यायचं, धारेत ठेवायचं आणि धारेचं अवजार म्यानात घालूनच न्यायचं. तोडकऱ्यांच्या नडग्यांना पट्ट्या असतात. माझ्या डाव्या नडगीवर दोन वण आहेत. फडात कुठल्याही तोडणाऱ्या बाईला साडी वर करायला सांगा, एखादा तरी निघेल. आपल्याकडे कोयता तोडकऱ्याचा, कानस त्याची, गोणपाटात गुंडाळून ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत पोरांच्या शेजारी ठेवायचा. २०२४ च्या जानेवारीत तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ झाली, चांगलं झालं. पण कोयत्याला कोणी हात लावला नाही. उचल मिळते तीही जोडप्याला, वहीत नाव नवऱ्याचं.

आमच्याच जिल्ह्यात कुंडलच्या माळावर १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कारखाना काढला, तो लोखंडी नांगर आणि कडबा कापायच्या यंत्रावर. नंतर पंप झाले, इंजिनं झाली. ऊस तोडायचा कोयता मात्र अजून रस्त्याकडेच्या पालातच होतो, आणि तिथल्याइतका चांगला मला दुसरीकडे मिळालेला नाही.

खोट्या बाजू. मुठीचं लाकूड ओलसर होतं. महिन्याभरात आकसलं आणि पातं खुळखुळायला लागलं. मी राळ वितळवून ओतली, वर सायकलच्या ट्यूबची पट्टी ताणून बांधली, मग हंगामभर हललं नाही. मूठ खरबरीत देतात, घरी काचेच्या तुकड्यानं तासून पॉलिश पेपर मारा, नाहीतर पहिल्याच दिवशी फोड येतात. गंज लगेच चढतो, संध्याकाळी पुसून खोबरेल किंवा गाडीचं जुनं ऑइल लावायचं. आणि सगळ्यात मोठी अडचण म्हणजे पालं उठली की मामा सापडत नाहीत. फुकटातल्या दोन धारांपैकी एकच माझ्या पदरात पडली.

गुण : पातं पाचपैकी पाच. मूठ दोन, स्वतः सुधारून घेतली तर चार. सेवा चार, आकड्याचा एक कापलाय तो तसाच.

जाताना लक्षात ठेवा. सकाळी नऊच्या आत गेलात तर भट्टी तापलेली आणि गर्दी कमी मिळते. आपलं वाळलेलं बाभळीचं लाकूड असेल तर बरोबर न्या, मुठीचे पन्नास रुपये कमी घेतात. धार एका अंगानं जास्त काढतात, तेव्हा डावरे असाल तर पाटा भट्टीत जायच्या आधी सांगा, नंतर उपयोग नाही. फोनवरनं पैसे घेतात, पण नाव कुठल्यातरी भाच्याचं दिसतं. घाबरू नका, मामांचाच आहे.