नॉनप्रॉफिट एक्सप्लोरर: गव्हर्नमेंट रिलेशन्समधला पगार शोधायला किती कामाचं?

वॉशिंग्टनमध्ये गव्हर्नमेंट रिलेशन्सचं, म्हणजे संस्थेच्या वतीने सरकारशी आणि कायदे करणाऱ्यांशी बोलण्याचं, काम करणाऱ्याला किती मिळतं, असा प्रश्न पडला की बहुतेक जण पगार सांगणाऱ्या एखाद्या संकेतस्थळावर जातात आणि तिथला सरासरी आकडा उचलतात. त्या आकड्यावर विसंबून पगाराची बोलणी करू नयेत. 'गव्हर्नमेंट रिलेशन्स मॅनेजर' या एकाच नावाखाली कुणी नगरपालिकेचे परवाने मिळवत असतो, तर कुणी सिनेटच्या अर्थसमितीतल्या लोकांना भेटत असतो. सरकारी आकडेवारीही इथे उपयोगी पडत नाही. ब्युरो ऑफ लेबर स्टॅटिस्टिक्स या अमेरिकी सरकारी खात्याच्या व्यवसाय-यादीत लॉबीस्टला, म्हणजे कायदे करणाऱ्यांना आपल्या बाजूने वळवण्याचं काम करणाऱ्याला, स्वतंत्र संकेतांक नाही. त्यांची गणना जनसंपर्क तज्ज्ञांमध्येच होते. मे २०२४ मध्ये या गटाचं मध्यक वेतन वर्षाला ६९,७८० डॉलर होतं. त्यात पत्रकं लिहिणारेही आले आणि कायद्याच्या मसुद्यातलं एक वाक्य बदलून घेणारेही.

खरे आकडे आहेत, पण ते करविवरणपत्रांत दडलेले आहेत. ते बाहेर काढायला सगळ्यात सोयीचं मोफत साधन म्हणजे प्रोपब्लिका या ना-नफा वृत्तसंस्थेचं 'नॉनप्रॉफिट एक्सप्लोरर'. हे परीक्षण त्याचंच आहे, पण एकाच प्रश्नापुरतं: गव्हर्नमेंट रिलेशन्समधला पगार आणि तो कशाने ठरतो, हे त्यातून कितपत कळतं?

आधी हे चालतं कसं ते पाहू. उद्योगसंघटना, व्यावसायिकांच्या संघटना, रुग्णालयांचे आणि विद्यापीठांचे महासंघ अशा करमुक्त संस्थांना दरवर्षी फॉर्म ९९० भरावा लागतो आणि तो सार्वजनिक असतो. त्याच्या सातव्या भागात सगळे पदाधिकारी आणि संचालक येतात, तसंच दीड लाख डॉलरच्या वर मिळवणारे आणि संस्थेच्या कारभाराचा मोठा भाग सांभाळणारे प्रमुख कर्मचारीही येतात. याशिवाय एक लाखाच्या वर मिळवणारे सर्वाधिक पगाराचे आणखी पाच जण नावानिशी द्यावे लागतात. मोठ्या संघटनेत गव्हर्नमेंट अफेअर्सचा प्रमुख या यादीत बहुधा असतोच, कारण अध्यक्षाच्या खालोखाल पगार बऱ्याचदा त्याचाच असतो.

संस्थेचं नाव टाकलं की वर्षवार विवरणपत्रं दिसतात आणि प्रत्येकाखाली नाव, पद आणि रकमेचे तीन रकाने येतात: संस्थेकडून मिळालेलं, संलग्न संस्थेकडून मिळालेलं आणि इतर. पण संस्था माहीत नसेल तर पदनामावरून शोधणं जास्त फायद्याचं. पूर्ण मजकुराच्या शोधात 'गव्हर्नमेंट अफेअर्स' हे शब्द अवतरणचिन्हांत इंग्रजीत टाइप करावेत. एवढ्यावर थांबलात तर निम्मे लोक हातचे सुटतील. 'गव्हर्नमेंट' पूर्ण न लिहिता 'जीओव्हीटी' असं आखूड लिहिण्याची सवय विवरणपत्रं भरणाऱ्यांना फार आहे. म्हणून तोही शोध घ्यावा, शिवाय 'फेडरल अफेअर्स', 'लेजिस्लेटिव्ह', 'पब्लिक पॉलिसी' आणि 'अॅडव्होकसी' हे शब्दही वेगवेगळे टाकून पाहावेत. हा शोध फक्त इलेक्ट्रॉनिक पद्धतीने भरलेल्या विवरणपत्रांत चालतो. २०१९ च्या करदात्यांसंबंधीच्या कायद्याने अशी भरणा-पद्धत सक्तीची केली, त्यामुळे त्यानंतरच्या वर्षांचे निकाल भरवशाचे आहेत आणि जुन्या वर्षांचे तुटक.

इथवर साधन उत्तम आहे. घोटाळा होतो तो एक्सप्लोररच्या पहिल्या पानावर दिसणारी रक्कम तशीच उचलल्यामुळे.

त्या रकमेत वर्षभरात हाती पडलेलं सगळं असतं: मूळ पगार, बोनस, नोकरी सोडतानाची भरपाई, आणि वर्षानुवर्षं साठवून ठेवून एकदम दिलेलं लांबणीचं वेतन. करसंहितेच्या कलम ४५७(एफ) खालच्या योजनेत ठरावीक वर्षं टिकून राहणाऱ्याला मोठी रक्कम एकाच वर्षी मिळते. त्या वर्षी पगार दीडपट झाल्यासारखा दिसतो आणि पुढच्या वर्षी कोसळल्यासारखा. म्हणून 'पूर्ण विवरणपत्र' उघडून शेड्यूल जे पर्यंत, म्हणजे फॉर्मला जोडलेल्या पगारांच्या परिशिष्टापर्यंत, जायलाच हवं. दीड लाखाच्या वर मिळवणाऱ्यांची रक्कम तिथे फोडून दिलेली असते: बी-एक मध्ये मूळ पगार, बी-दोन मध्ये बोनस, बी-तीन मध्ये इतर, सी मध्ये निवृत्ती व लांबणीचं वेतन, डी मध्ये करमुक्त सुविधा, ई मध्ये बेरीज. शेवटचा एफ रकाना बहुतेक जण वाचतच नाहीत, आणि नेमका तोच सगळ्यात महत्त्वाचा. यंदा दिलेल्या रकमेपैकी किती आधीच्या विवरणपत्रांत लांबणीचं वेतन म्हणून दाखवून झालेली आहे, ते तिथे असतं.

समजा एका वरिष्ठ उपाध्यक्षाचे आकडे असे आहेत: मूळ पगार ३,१०,००० डॉलर, बोनस ६०,००० आणि इतर १,४५,०००. पहिल्या पानावर ५,१५,००० दिसेल. एफ मध्ये १,२०,००० असतील तर तेवढे आधीच्या वर्षांचे, म्हणजे वजा केल्यावर उरले ३,९५,०००. पदाची तुलना करायची असेल तर मूळ पगार अधिक बोनस, म्हणजे ३,७०,००० हाच आकडा धरावा आणि लांबणीचं वेतन वेगळं लिहावं. सलग तीन वर्षं असं केलं की बोनसचं मूळ पगाराशी असलेलं प्रमाण दिसू लागतं. बोलणी करताना एकूण रकमेपेक्षा हे प्रमाण जास्त उपयोगी पडतं.

आणखी दोन ठिकाणी पाय घसरतो. एक म्हणजे वर्ष. संस्थेचं आर्थिक वर्ष जुलै ते जून असेल, तर त्या विवरणपत्रातला पगार आर्थिक वर्षाचा नसतो. त्या काळात संपलेल्या जानेवारी-डिसेंबर वर्षाचा तो असतो. जून २०२३ ला संपणाऱ्या वर्षाच्या विवरणपत्रात २०२२ चा पगार येतो. ते भरायची मुदत नोव्हेंबर २०२३, आणि सहा महिने वाढवून घेतली तर मे २०२४. म्हणजे आकडा आपल्यासमोर येईपर्यंत दीड वर्ष जुना झालेला असतो. आज मागायच्या पगारासाठी तो आधार म्हणून घ्यावा, भाव म्हणून नव्हे. दुसरं म्हणजे संलग्न संस्था. संघटनेचं एखादं धर्मादाय प्रतिष्ठान असेल तर तोच माणूस दोन्हीकडे दिसतो. प्रतिष्ठानाच्या विवरणपत्रात आठवड्याचे दोन तास, पगार शून्य आणि 'संलग्न' रकान्यात पूर्ण पगार. दोन्ही आकडे मिळवले की पगार दुप्पट होतो. तासांचा रकाना पाहिला तर ही चूक लगेच पकडता येते.

आता पगार कशाने ठरतो, याकडे. दहा-पंधरा संघटनांची विवरणपत्रं शेजारी ठेवली की पहिली गोष्ट लक्षात येते ती अंदाजपत्रकाची. फॉर्म ९९० च्या पहिल्या भागातल्या बाराव्या ओळीवर एकूण उत्पन्न असतं. ते टिपून त्याच्या शेजारी पगार लिहावा. पदनाम सारखंच असलं तरी वर्षाला पन्नास लाख डॉलर जमवणारी संघटना आणि पाच कोटी जमवणारी संघटना यांची तुलना करण्यात अर्थ नाही. त्यानंतर पाहावं ते गव्हर्नमेंट रिलेशन्सचं काम संस्थेच्या केंद्रस्थानी आहे की कडेला. शेड्यूल सी मध्ये लॉबिंगवरचा खर्च असतो. एकूण खर्चात त्याचा वाटा मोठा असेल तर या खात्याच्या प्रमुखाचं वजनही मोठं. ज्या संघटनेचा मुख्य धंदा परिषदा आणि प्रमाणपत्रं देण्याचा आहे, तिथे हा माणूस सहसा दुसऱ्या फळीत असतो आणि पगारही तसाच.

वरच्या टोकाला कर आडवा येतो. २०१७ च्या करकायद्याने करमुक्त संस्थांना दहा लाख डॉलरच्या वरच्या वेतनावर एकवीस टक्के कर लावला. तो संस्थेने भरायचा असतो. तेवढ्या उंचीवर संचालक मंडळ प्रत्येक वाढीव डॉलरचा हिशेब वेगळा करतं, आणि मग रक्कम कोणत्या वर्षी द्यायची यावरच घासाघीस होते.

बोनसबद्दल नवख्यांचा एक गैरसमज असतो. विधेयक मंजूर करून आणलं तर टक्केवारी मिळेल, असं त्यांना वाटतं. लॉबिंगमध्ये यशावर अवलंबून मोबदला बहुतेक राज्यांत बेकायदा आहे आणि परकीय सरकारांसाठी काम करणाऱ्यांना संघीय कायद्यानेही त्याची मनाई आहे. असा करार अंमलात आणायला सर्वोच्च न्यायालयाने १८७० च्या दशकातच, ट्रिस्ट विरुद्ध चाइल्ड खटल्यात, नकार दिला होता. म्हणून नियुक्तिपत्रात बोनसचे निकष मागून घ्यावेत आणि ते सभासद टिकवणं, उमेदवारांना देणग्या देणाऱ्या राजकीय निधी समितीची वसुली, समित्यांपुढची साक्ष, नियमांवरच्या हरकती वेळेत दाखल करणं अशा मोजता येणाऱ्या कामाचे आहेत का, ते पाहावं.

एक्सप्लोररची खरी मर्यादा अशी की त्याला फक्त माडीवरचे लोक दिसतात, आणि तेही करमुक्त संस्थांतले. व्यवस्थापक, विश्लेषक, तीन-चार वर्षं अनुभवाचे लोक त्यात येत नाहीत. खासगी कंपन्यांमधले येत नाहीत. लॉबिंग फर्मचे भागीदार तर नाहीतच. या भेगा दुसऱ्या दोन सार्वजनिक दस्तऐवजांनी थोड्याफार बुजवता येतात.

पहिला म्हणजे सिनेटच्या संकेतस्थळावरचे लॉबिंगचे अहवाल. १९९५ चा कायदा आणि २००७ ची दुरुस्ती यांमुळे फर्मला दर तिमाहीला प्रत्येक ग्राहकासाठी एलडी-२ हा अहवाल भरावा लागतो. त्यात ग्राहकाकडून मिळालेलं उत्पन्न आणि काम करणाऱ्या लॉबीस्टची नावं असतात. एखाद्या भागीदाराचं नाव घेऊन त्याच्या ग्राहकांची वर्षाची बेरीज करता येते, पण ती जपून वाचावी. रक्कम जवळच्या दहा हजारांत लिहायची असते. महिन्याला १३,५०० चा रिटेनर (दरमहाची ठरलेली फी) तिमाहीला ४०,५०० होतो आणि छापला जातो ४०,०००. महिन्याला १६,००० चा ४८,००० होतो आणि छापला जातो ५०,०००. दोघांतला फरक साडेसात हजार, कागदावर दहा हजार. पाच हजारांखाली तर फक्त खूण असते. एकाच अहवालात चार नावं असतील तर कुणी किती काम केलं ते कळत नाही. आणि एखाद्या ग्राहकासाठीच्या कामात लॉबिंगला वीस टक्क्यांहून कमी वेळ जात असेल, तर तो माणूस त्या ग्राहकाच्या अहवालात लॉबीस्ट म्हणून येतच नाही. धोरण-सल्लागार म्हणून भरपूर कमावणारे कितीतरी जण असेच या नोंदींबाहेर राहतात.

कंपन्यांच्या स्वतःच्या अहवालात उत्पन्नाऐवजी खर्च असतो आणि तो मोजायच्या पद्धती एकाहून अधिक आहेत. करसंहितेची व्याख्या निवडणारी कंपनी राज्यपातळीवरचं लॉबिंगही त्यात धरते, दुसरी धरत नाही. पद्धतीचा रकाना न पाहता दोन कंपन्यांची तुलना केली तर निष्कर्ष उलटा निघू शकतो.

याच नोंदींतून या धंद्यातल्या पगाराबद्दलची सगळ्यात बोलकी गोष्ट बाहेर आली. २०१२ मध्ये 'अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू'मधल्या एका अभ्यासाने दाखवलं की, सिनेटरच्या कार्यालयात पूर्वी काम केलेल्या लॉबीस्टचं उत्पन्न, तो सिनेटर पद सोडतो तेव्हा सरासरी २४ टक्क्यांनी घसरतं. माणूस तोच, अनुभव तोच, ज्ञानही तेच. गेली ती ओळख. पगारातला किती भाग ओळखीचा आणि किती विषयाच्या जाणकारीचा, हे स्वतःलाच विचारून ठेवावं, कारण ओळखीचा भाग निवडणुकीबरोबर जाऊ शकतो. अहवालात मागच्या वीस वर्षांतली सरकारी पदं द्यावी लागतात, त्यामुळे प्रतिस्पर्ध्यांचं हे भांडवल कुणालाही तपासता येतं. सरकारातून नुकतंच बाहेर पडलेल्यांना आणखी एक अडचण असते. माजी सिनेटरांना दोन वर्षं, प्रतिनिधिगृहाच्या माजी सदस्यांना एक वर्ष काँग्रेसमध्ये, म्हणजे अमेरिकी संसदेत, लॉबिंग करता येत नाही. वरिष्ठ कर्मचाऱ्यांवरही वर्षभर बंधनं असतात. त्या काळात बंधन असलेल्या ठिकाणी ते स्वतः न जाता पडद्यामागून सल्लाच देऊ शकतात. म्हणून पहिल्या वर्षाचा आकडा थोडा कमी घेऊन तेराव्या महिन्याची वाढ आधीच लेखी ठरवून घेणं शहाणपणाचं.

दुसरा दस्तऐवज खालच्या टोकासाठी: प्रतिनिधिगृहाचं तिमाही खर्चपत्रक. त्यात कर्मचाऱ्यांची नावं, पदं आणि दिलेली रक्कम असते. गव्हर्नमेंट रिलेशन्समध्ये येणाऱ्यांचा मोठा ओघ तिथूनच असतो, त्यामुळे त्यांना हलवायला किती द्यावं लागेल याचा तळ इथे सापडतो. सप्टेंबर २०२२ पासून तिथे किमान वार्षिक पगार ४५,००० डॉलर झाला आणि २०२१ मध्ये कमाल मर्यादा १,९९,३०० पर्यंत वाढली, म्हणजे सदस्यांच्या स्वतःच्या १,७४,००० च्या वर. रक्कम तिमाहीची असते, तिला चारने गुणावं. पण शेवटच्या तिमाहीत वर्षअखेरचे बोनस मिसळलेले असतात, ती तिमाही गुणाकाराला घेऊ नये.

उद्योगसंघटनेत संचालक किंवा त्यावरच्या पदासाठी बोलणी करणाऱ्याला एक्सप्लोरर पाचपैकी साडेचार. एक संध्याकाळ घालवली तर सारख्या अंदाजपत्रकाच्या आठ-दहा संस्थांचा तक्ता हातात येतो, आणि तो बहुतेक विकतच्या सर्वेक्षणांपेक्षा ठोस असतो, कारण त्यातला प्रत्येक आकडा संस्थेने कायद्यानुसार सहीनिशी दिलेला असतो. अर्धा गुण कापला तो पहिल्या पानावर शेड्यूल जे ची फोड न दाखवल्याबद्दल. खासगी कंपनीत जाणाऱ्याला दोन. लॉबिंग फर्ममध्ये जाणाऱ्याला एक. तरीही त्याने सातव्या भागाचा दुसरा विभाग जरूर उघडावा. संस्थेने एक लाखाच्या वर ज्या बाहेरच्या कंत्राटदारांना दिले, त्यांतले सर्वात मोठे पाच जण तिथे नाव आणि रकमेसह असतात. त्यात लॉबिंग फर्म असेल तर ती रक्कम त्याच वर्षाच्या चार एलडी-२ च्या बेरजेशी ताडून पाहावी. पहिली मोठी आणि दुसरी लहान निघाली, तर मधला फरक हा लॉबिंग म्हणून न नोंदलेल्या सल्ल्याचा असण्याचा संभव जास्त.