हप्त्यांवर घेतलेली जिमची वार्षिक मेंबरशिप: सहा महिने वापर आणि मग सुटका

आधी निकाल सांगते, तपशील नंतर. व्यायामाची जागा म्हणून या जिमला मी पाचपैकी चार देईन. करार म्हणून शून्य. ठाण्यात घोडबंदर रोडवर एका मोठ्या साखळीची शाखा होती. जानेवारी २०२५ मध्ये वर्षाची मेंबरशिप घेतली, जूनअखेर शाखा बंद झाली आणि उरलेल्या सहा महिन्यांचा हिशेब मिटायला सप्टेंबर संपत आला. साखळीचं नाव लिहीत नाही. मैत्रिणींनी वेगवेगळ्या जिमचे कागद दाखवले, त्यांतही हीच वाक्यं आणि हीच हप्त्यांची पद्धत होती. त्यामुळे हे एका जिमपुरतं वाचू नका.

चांगलं ते आधी. सकाळची बॅच वेळेवर सुरू व्हायची, मशीन नवी होती, स्क्वॉट रॅकसाठी थांबावं लागत नसे. ट्रेनर साताऱ्याकडचा तरुण मुलगा, अतिशय जीव लावून शिकवायचा. "ताई, आधी कंबर सरळ, वजन नंतर," हे त्याचं रोजचं. फेब्रुवारीत रिकाम्या बारनं डेडलिफ्ट सुरू केली आणि मे महिन्यात चाळीस किलो उचलत होते. जिना चढताना गुडघा दुखायचा तो थांबला. हे श्रेय मी त्या मुलाला देते, आणि म्हणूनच पुढचं सगळं जास्त लागलं. मे महिन्यात त्याची बदली झाली. मग एसी बंद पडला, तो दुरुस्त झालाच नाही. जूनच्या शेवटी दारावर 'रिनोव्हेशन'चा कागद लागला आणि व्हॉट्सअ‍ॅपवर निरोप आला की तुमची मेंबरशिप मुलुंडच्या शाखेत वर्ग केली आहे.

कासारवडवलीहून सकाळी मुलुंडला जाऊन, व्यायाम करून, परत येऊन कामावर जायचं, हे ज्याला घोडबंदर रोडची रहदारी माहीत आहे त्याला समजावायची गरज नाही. मी घराजवळची जिम विकत घेतली होती. दुसऱ्या गावातली घेतली नव्हती.

आता पैशांचं. मेंबरशिप २०,००० रुपये, त्यावर तेव्हाचा १८ टक्के जीएसटी ३,६००, एकूण २३,६००. काउंटरवर सांगितलं, "मॅम, नो कॉस्ट ईएमआय आहे, महिन्याला दोन हजारसुद्धा नाही." हप्ता १,९६७ रुपयांचा. या हप्त्याचा अर्थ नीट समजून घ्या, कारण सगळी गोम इथेच आहे. हा जिमचा हप्ता नसतो. हे फायनान्स कंपनीचं कर्ज असतं. कंपनी पहिल्याच आठवड्यात वर्षभराची रक्कम, व्याजापुरती कमी करून, जिमला देऊन टाकते आणि पुढे बारा महिने तुमच्या खात्यातून नॅच मँडेटनं (हप्ता आपोआप कापायला आपण बँकेला दिलेली परवानगी) वसूल करते. म्हणजे जिमला सगळे पैसे आधीच मिळालेले असतात. एसी चालू राहिला काय नि बंद पडला काय, तुम्ही आलात काय नि न आलात काय, तिच्या गल्ल्यात फरक पडत नाही. महिन्याच्या महिन्याला पैसे देणारा मेंबर सोडून जाईल ही धास्ती असते. हप्त्यावाल्याची धास्ती कुणालाच नसते.

शाखा बंद झाल्यावर मी मॅनेजरला भेटले. उत्तर आलं, "पैसे फायनान्सवाल्यांनी दिलेत, रिफंड त्यांच्याकडे मागा." फायनान्स कंपनीच्या कॉल सेंटरनं सांगितलं, "आम्ही फक्त लोन दिलंय, सर्व्हिसबद्दल जिमशी बोला." इथे बहुतेक लोक वैतागून एक गोष्ट करतात: बँकेत जाऊन मँडेट बंद करतात किंवा खातं रिकामं ठेवतात. कृपा करून हे करू नका. जिमशी भांडण आहे म्हणून कर्ज थांबत नाही. हप्ता परतला की दंड लागतो, सिबिलवर, म्हणजे आपल्या कर्जफेडीच्या नोंदीत, थकबाकी दिसते, आणि पुरेसे पैसे नसल्यामुळे इलेक्ट्रॉनिक वसुली परतली तर पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स अ‍ॅक्ट, २००७ च्या कलम २५ खाली खटलासुद्धा होऊ शकतो, चेक बाउन्ससारखाच. भांडण सुरू असताना जुलै, ऑगस्ट आणि सप्टेंबरचे हप्ते मी भरले. संताप येत होता, तरी भरले, आणि प्रत्येक पत्रात लिहिलं की हे पैसे हक्क राखून भरते आहे. यूपीआय ऑटोपेनं थेट जिमला महिन्याचे पैसे देणाऱ्यांचं वेगळं. त्यांना मँडेट अ‍ॅपमधूनच रद्द करता येतो.

जिमनं मला तीन पर्याय दिले: मुलुंडला जा, मेंबरशिप 'फ्रीझ' करा, किंवा फी भरून दुसऱ्या कुणाच्या नावावर करा. फ्रीझ घेऊ नका. बंद शाखेची मेंबरशिप गोठवून मुदत तेवढी पुढे सरकते, पैसे अडकून राहतात आणि कागदावर असं दिसतं की तुम्ही तोडगा मान्य केला.

फॉर्मवर छापलं होतं की कोणत्याही कारणास्तव परतावा मिळणार नाही, आणि त्याच्याच खाली की वेळ, ठिकाण व सुविधा बदलण्याचा अधिकार व्यवस्थापनाकडे आहे. ही दोन वाक्यं शेजारी ठेवून वाचा. त्यांनी काहीही बदलावं आणि तुम्ही काहीच मागू नये. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये कलम २(४६) खाली अशा एकतर्फी अटींच्या कराराला अनुचित करार म्हटलं आहे. मी पत्रात हेच लिहिणार होते. पण ग्राहक चळवळीत अनेक वर्षं काम केलेल्या, आमच्याच सोसायटीतल्या एका काकांनी फार मोलाची गोष्ट सांगितली. करारातली अट अनुचित म्हणून रद्द करून घ्यायची तर राज्य ग्राहक आयोगाकडे जावं लागतं, जिल्हा आयोगाकडे तो अधिकार नाही. "तुला अट रद्द करून घ्यायचीय की पैसे हवेत? पैसे हवेत तर 'सेवेतील त्रुटी' म्हण," असं ते म्हणाले. शिवाय कलम २(४७) नुसार त्रुटीची सेवा मागे घेऊन पैसे परत करायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. पावतीवर मुदत लिहिली नसेल तर ती तीस दिवसांची धरायची. माझं पूर्ण पत्र या दोन पायांवर उभं राहिलं.

पत्र शाखेला पाठवून उपयोग नसतो. जिम चालवणाऱ्या कंपनीचा नोंदणीकृत पत्ता जीएसटीच्या बिलावर किंवा कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर सापडतो. तिथे ईमेल केलं, प्रत फायनान्स कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला. सोबत बिल, दारावरच्या कागदाचा फोटो, व्हॉट्सअ‍ॅपचा निरोप आणि हिशेब: बारापैकी सहा महिने सेवा मिळाली, म्हणून ११,८०० परत. मॅनेजर फोनवर खूप गोड बोलायचे, पण फोनवर बोललेलं काहीच उरत नाही. प्रत्येक फोननंतर मी दोन ओळींचं ईमेल टाकायचे, "आज आपलं असं बोलणं झालं." पुढे या ओळीच कामाला आल्या.

मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, १९१५. मराठीत बोलता येतं. हेल्पलाइन आदेश देऊ शकत नाही, हे आधीच लक्षात ठेवा. ती तक्रार नोंदवून कंपनीकडे पाठवते आणि उत्तर मागवते. मला तिचा फायदा झाला तो असा की गप्प बसलेली जिमची कंपनी पहिल्यांदा लेखी बोलली. ती म्हणाली, जीएसटी सरकारकडे भरला आहे, तो परत करता येत नाही, बाकीचे निम्मे देऊ. हे जीएसटीचं कारण तुम्हालाही ऐकवतील. सेवा त्रुटीची ठरली तर जीएसटी कायद्याच्या कलम ३४ खाली विक्रेता क्रेडिट नोट (बिलाची रक्कम कमी केल्याचा कागद) काढू शकतो आणि आर्थिक वर्ष संपल्यानंतरच्या ३० नोव्हेंबरपर्यंत तो कर आपल्या हिशेबात वळता करू शकतो. मी एवढंच विचारलं की क्रेडिट नोट का काढत नाही. त्याचं उत्तर आलं नाही, पण जीएसटीचा विषय पुन्हा निघाला नाही.

ऑगस्टमध्ये पोचपावतीच्या रजिस्टर्ड पोस्टानं नोटीस पाठवली, पंधरा दिवसांची मुदत दिली. (त्यानंतर रजिस्टर्ड पोस्ट स्पीड पोस्टमध्ये विलीन झालं आहे, आता स्पीड पोस्टनं पाठवायची.) नोटिशीला जोडून जिल्हा ग्राहक आयोगातल्या तक्रारीचा मसुदाच पाठवला, सही करून दाखल करायचा बाकी ठेवलेला. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, मुदत दोन वर्षांची, आणि ई-जागृती पोर्टलवर घरबसल्या दाखल होते. फायनान्स कंपनीलाही दुसरा पक्ष केलं होतं. माझ्या मते ही सगळ्यात मोठी कळ होती, कारण त्यानंतर ज्यांनी मला एकमेकांकडे टोलवलं होतं ते दोघं एकमेकांशी बोलायला लागले.

तडजोड अशी झाली: ११,८०० मधून दहा टक्के कापून १०,६२०. त्यातून उरलेल्या तीन हप्त्यांचे ५,९०० भरून जिमनं कर्ज बंद केलं आणि ४,७२० माझ्या खात्यात आले. कापलेले ११८० माझेच होते, असं मला आजही वाटतं. पण आयोगात तारखा घेत बसण्यापेक्षा मी ते सोडले. ज्यांची रक्कम मोठी आहे त्यांनी सोडू नयेत. पर्सनल ट्रेनिंगच्या पॅकेजमध्ये चाळीस-पन्नास हजार अडकलेल्या बायका आमच्याच बॅचमध्ये होत्या. त्यांतल्या दोघींनी माझं पत्र घेऊन स्वतःची तक्रार केली आहे.

पैसे आले तरी काम संपत नाही. फायनान्स कंपनीकडून कर्ज बंद झाल्याचं प्रमाणपत्र घ्या, बँकेत नॅच मँडेट रद्द झाला का ते पाहा, आणि दीड-दोन महिन्यांनी क्रेडिट रिपोर्ट काढा. वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट सिबिलसारख्या प्रत्येक क्रेडिट ब्युरोकडून मोफत मिळतो. कर्ज अजून चालू दिसत असेल तर दुरुस्तीची तक्रार करा. तीस दिवसांत निपटारा झाला नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई मिळावी असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे.

नव्यानं मेंबरशिप घेणाऱ्यांनी पैसे देण्याआधी काउंटरवर एकच प्रश्न लेखी विचारावा: शाखा बंद झाली किंवा डॉक्टरांनी व्यायाम थांबवायला सांगितला तर किती पैसे, किती दिवसांत परत? कर्ज काढायचंच असेल तर प्रमुख तथ्य पत्रक, म्हणजे कर्जाच्या मुख्य अटींचा कागद, मागून घ्या. कर्ज डिजिटल असेल तर त्यात कूलिंग-ऑफची मुदत असते, तेवढ्या काळात मुद्दल आणि तितक्या दिवसांचं व्याज भरून दंडाशिवाय बाहेर पडता येतं. बिलावर जीएसटीचा दरही तपासा, २२ सप्टेंबर २०२५ पासून जिमवरचा दर १८ वरून ५ टक्के झाला आहे.

मी सध्या वर्तकनगरमधल्या एका साध्या व्यायामशाळेत जाते. मशीन जुनी आहेत, एसी नाही, पैसे महिन्याच्या एक तारखेला.