डिझेल टाकीत बुरशी: औषध, पॉलिशिंग की पूर्ण सफाई?

सोसायटीचा किंवा रुग्णालयाचा जनरेटर वर्षभरात चालतो थोडाच. डिझेल महिनोन्महिने पडून राहतं, पावसाळ्यात व्हेंटमधून, म्हणजे टाकीच्या हवेच्या नळीतून, दमट हवा शिरते, टाकीच्या पत्र्याला आतून पाणी सुटतं आणि तळाशी साचतं. त्या पाण्याच्या आणि डिझेलच्या सीमेवर बुरशी आणि जिवाणू वाढतात. मग ऐन लाइट गेल्यावर फिल्टर चोक!

कंत्राटदाराला बोलावण्याआधी अगदी तळाचा नमुना काचेच्या बरणीत घ्या आणि तासभर हलवू नका. खाली पाणी, वर डिझेल आणि मध्ये काळपट, चिवट पापुद्रा दिसला तर बुरशी धरली आहे असंच समजा. नुसतं पाणी असेल तर ते काढून टाका. इतर खर्च सध्या नको.

बायोसाइड, म्हणजे जंतू मारणारं औषध, सर्वांत स्वस्त. टाकीही रिकामी करावी लागत नाही. पण औषध जंतू मारतं, गाळ उचलत नाही. मेलेला पापुद्रा सुटून थेट फिल्टरवर येतो, म्हणून जादा फिल्टर हाताशी ठेवा. मात्रा अंदाजाने तर कधीच टाकू नका. फेब्रुवारी २०२० मध्ये लंडनच्या गॅटविक विमानतळावरून उडालेल्या एका एअरबस ए३२१ ची दोन्ही इंजिनं बिघडली, कारण इंधनात बायोसाइड शिफारशीच्या सुमारे ३८ पट पडलं होतं.

पॉलिशिंगमध्ये डिझेल पंपाने फिरवून फिल्टर आणि वॉटर सेपरेटरमधून काढतात. पाणी आणि तरंगता गाळ जातो, भिंतींना चिकटलेला थर मात्र राहतो आणि त्यातून पुन्हा वाढ होते.

पूर्ण सफाई महाग, पण चिकट थर जातो तो यानेच. टाकीत माणूस उतरणार असेल तर आधी आतली हवा तपासायची, बाहेर दुसरा माणूस उभा करायचा. यात तडजोड नको. निघालेलं पाणी आणि गाळ गटारात न सोडता घातक कचरा उचलणाऱ्या परवानाधारकालाच द्या.

माझं मत स्पष्ट आहे. पापुद्रा पातळ असेल तर पाणी काढा, बायोसाइड टाका, लेबलवर दिलेला वेळ जाऊ द्या, मग पॉलिशिंग करा. थर जाड असेल किंवा फिल्टर वारंवार चोक होत असेल तर आधी सफाई, औषध नंतर. पाणी न काढता दरवर्षी नुसतं औषध टाकायचं कंत्राट कुणी गळ्यात मारत असेल तर घेऊ नका.

पुढे पावसाळ्यात टाकी शक्यतो भरलेली ठेवा, व्हेंटची टोपी तपासा आणि दर महिन्याला ड्रेन कॉक उघडून पाणी सोडा. बायोडिझेल मिसळलेलं इंधन पाणी जास्त धरतं. ते वापरत असाल तर यात एकही महिना चुकवू नका.