कलाबाजाराचा वार्षिक अहवाल : चित्रकाराने तो कसा वाचावा

आर्ट बासेल हा कलामेळा आणि यूबीएस ही स्विस बँक यांच्या वतीने २०१७ सालापासून दरवर्षी जागतिक कलाबाजाराचा अहवाल प्रसिद्ध होतो. आर्ट्स इकॉनॉमिक्स या संस्थेच्या संस्थापक, अर्थतज्ज्ञ क्लेअर मॅकअँड्रू तो तयार करतात. हा जाडजूड इंग्रजी दस्तऐवज पीडीएफ स्वरूपात कुणालाही विनामूल्य उतरवून घेता येतो. त्याच्यावर जे लिहिले जाते ते बहुधा अर्थविषयक पत्रकार आणि गॅलरीचालक यांच्यासाठी असते, आणि बाजार वर गेला की खाली आला एवढे सांगून ते थांबते. मी स्वतःची चित्रे स्वतःच विकणारा चित्रकार आहे. त्यामुळे चित्र विकत घेणाऱ्या माणसाविषयी यातून असे काही कळते का, ज्याचा मला माझ्या व्यवसायात उपयोग करता येईल, या एकाच प्रश्नासाठी मी २०२५ची आवृत्ती वाचली.

सुरुवातीचाच आकडा धडकी भरवणारा आहे. २०२४ मध्ये जगभरातील कलाविक्रीचे मूल्य १२ टक्क्यांनी घटून सुमारे ५७.५ अब्ज डॉलरवर आले. बातम्यांत हाच आकडा फिरला. परंतु त्याच्या शेजारीच असलेला दुसरा आकडा कलाकारांच्या दृष्टीने अधिक बोलका आहे : त्याच वर्षी व्यवहारांची संख्या ३ टक्क्यांनी वाढून सुमारे ४ कोटी ५ लाख झाली. म्हणजे पैसा कमी फिरला, पण चित्रे, शिल्पे आणि इतर कलावस्तू अधिक संख्येने विकल्या गेल्या. घसरण मुख्यतः माथ्यावर झाली. एक कोटी डॉलरपेक्षा महाग विकल्या गेलेल्या कलाकृतींची लिलावातील संख्या ३९ टक्क्यांनी घटली. उलट ज्या विक्रेत्यांची वार्षिक उलाढाल अडीच लाख डॉलरपेक्षा कमी आहे, त्यांची विक्री सरासरी १७ टक्क्यांनी वाढली. मंदीची बातमी वाचून ज्यांनी आपल्या किमती घाईने उतरवल्या असतील, त्यांनी हे प्रकरण आधी वाचायला हवे होते.

येथे एक मोह होतो आणि तो टाळावा. एकूण मूल्याला व्यवहारांच्या संख्येने भागले की एका व्यवहारामागे साधारण १,४२० डॉलर येतात. हा भागाकार मी स्वतः करून पाहिला आणि क्षणभर सुखावलोही. मात्र कोट्यवधी डॉलरना जाणारी मोजकी चित्रे ही सरासरी वर खेचून धरतात. प्रत्यक्षात बहुसंख्य व्यवहार तिच्या पुष्कळ खाली होत असणार. आपल्या चित्राची किंमत ठरवण्यासाठी ही संख्या वापरणे म्हणजे शिखराची आणि दरीची उंची मिळवून घर कुठे बांधावे हे ठरवण्यासारखे आहे.

अहवालाची खरी अडचण आकड्यांमध्ये नसून माणसांच्या निवडीमध्ये आहे. यूबीएस आणि आर्ट बासेल संग्राहकांची स्वतंत्र पाहणीही प्रसिद्ध करतात, आणि ग्राहकांच्या सवयींविषयीचे बरेचसे तपशील तिच्यातच सापडतात. २०२४च्या पाहणीत १४ बाजारपेठांतील ३,६०० हून अधिक लोकांना प्रश्न विचारले गेले. मात्र तिच्यात प्रवेश मिळण्याची अट अशी की, त्या व्यक्तीकडे दहा लाख डॉलरहून अधिक गुंतवणूकयोग्य मालमत्ता असली पाहिजे. एका बँकेला आणि एका बड्या कलामेळ्याला अशाच ग्राहकांमध्ये रस असणार, यात वावगे काही नाही. अहवाल ही बाब लपवतही नाही. पण वाचणारा कलाकार ती विसरतो आणि ‘संग्राहकांना हे आवडते’ असे वाक्य वाचून आपल्या प्रदर्शनाला येणाऱ्या शिक्षिकेबद्दल किंवा निवृत्त अभियंत्याबद्दल निष्कर्ष काढतो.

या चाळणीतून कोण गळते, याचे सर्वांत ठसठशीत उदाहरण न्यूयॉर्कच्या हर्बर्ट आणि डोरोथी व्होगेल या दांपत्याचे आहे. ते टपाल खात्यात नोकरीला होते, त्या ग्रंथपाल होत्या. घरखर्च एकीच्या पगारात भागवायचा आणि दुसऱ्याच्या पगारातून चित्रे घ्यायची, असा त्यांचा शिरस्ता होता. त्यांची कसोटी दोनच गोष्टींची : कलाकृती परवडली पाहिजे आणि ती त्यांच्या एका शयनगृहाच्या घरात मावली पाहिजे. अशा रीतीने त्यांनी चार हजारांहून अधिक कलाकृती जमवल्या, आणि १९९२ मध्ये वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरी ऑफ आर्टकडे हा संग्रह सोपवण्याचे ठरले. आजच्या पाहणीत हे दोघे मालमत्तेच्या पहिल्याच प्रश्नाला बाद झाले असते. मला मात्र त्यांच्या त्या दोन कसोट्यांमधून जितके शिकायला मिळाले, तितके अहवालाच्या कोणत्याही एका प्रकरणातून मिळाले नाही. चित्र मावेल की नाही, ही चिंता छोट्या घरात राहणाऱ्या प्रत्येक ग्राहकाला असते आणि ती तो सहसा बोलून दाखवत नाही. ‘विचार करून सांगतो’ म्हणतो आणि निघून जातो.

मग अहवाल टाकाऊ आहे का? मुळीच नाही. त्यातील उत्तरे आपल्या ग्राहकांची नसली, तरी त्यातील प्रश्न उत्तम आहेत आणि ते जसेच्या तसे उचलता येतात. ग्राहक नवा आहे की जुना, त्याने कलाकृती प्रथम कुठे पाहिली, ती प्रत्यक्ष पाहून घेतली की केवळ छायाचित्रावरून, एका वर्षात त्याने किती खरेदी केली आणि ती कोणत्या मार्गाने केली, याची विचारणा येथे शिस्तीने आणि वर्षानुवर्षे होते. २०२४ मध्ये विक्रेत्यांच्या ग्राहकांपैकी ४४ टक्के त्यांच्याकडे प्रथमच आलेले होते, असे अहवाल सांगतो. ते वाचून मी माझी पावतीपुस्तके काढून बसलो, तेव्हा लक्षात आले की नवे किती आणि जुने किती हे मला सांगताच येत नाही, कारण पावतीवर नाव आणि रक्कम यांखेरीज मी कधी काही लिहिलेच नव्हते. विनामूल्य दस्तऐवजाने एवढी लाज आणली, हेही त्याचे श्रेयच मानले पाहिजे.

याच्या जोडीला हिस्कॉक्स या विमा कंपनीने आर्टटॅक्टिक या विश्लेषण संस्थेसह २०१३पासून काढलेले ऑनलाइन कलाविक्रीचे अहवाल चाळावेत. आकाराने ते लहान आहेत, पण कलाकाराच्या दृष्टीने काही बाबतींत ते अधिक कामाचे आहेत, कारण लोक खरेदी का करतात याबरोबरच ते कशामुळे कचरतात, याचाही त्यांत शोध आहे. कलाकृती प्रत्यक्ष पाहता न येणे आणि किमतीबाबतची अस्पष्टता ही कारणे त्यांत ठळकपणे येतात. संकेतस्थळावर किमतीच्या जागी ‘संपर्क साधावा’ असे लिहिणाऱ्या कलाकारांनी, आणि त्यांत काही वर्षे मीही होतो, हे पुन्हा पुन्हा वाचावे. दबदबा राखण्यासाठी लिहिलेला तो शब्द होतकरू ग्राहकाला ‘आपल्या आवाक्याबाहेरचे असेल’ असाच ऐकू येतो.

ग्राहक-संशोधन शब्दशः पाळले तर काय होते, याचा धडा विताली कोमार आणि अलेक्झांडर मेलामिड या मूळच्या रशियन कलाकारांनी १९९०च्या दशकात गंमतीने घालून दिला. त्यांनी अमेरिकेतील १,००१ लोकांची पाहणी करवून घेतली आणि बहुमताला हवे ते सारे एकाच चित्रात घातले. निळसर निसर्गदृश्य, तळे, हरणे, फिरायला निघालेली माणसे आणि जॉर्ज वॉशिंग्टन, असे ते चित्र झाले. त्यातले काहीही चुकीचे नव्हते, आणि ते हास्यास्पद होते. तेव्हा काय रंगवावे, हे अहवालाला विचारू नये. जे रंगवून झाले आहे ते कोणापर्यंत, कोणत्या आकारात, कोणत्या माहितीसह आणि घरपोच कसे पोहोचवावे, हे मात्र अवश्य विचारावे.

अहवालाच्या प्रश्नांवरून मी स्वतःसाठी एक लहान नोंदवही सुरू केली. प्रत्येक विक्रीनंतर काही दिवसांनी मी ग्राहकाला विचारतो की चित्र प्रथम कुठे दिसले, दिसल्यापासून घेईपर्यंत किती काळ गेला, निर्णयात घरातील आणखी कोण होते, आणि घेता घेता कोणत्या गोष्टीपाशी पाऊल अडखळले. प्रश्न घडून गेलेल्या गोष्टीचाच असावा, हे पथ्य मी पाळतो. ‘असे चित्र काढले तर घ्याल का?’ असे विचारले की लोक सौजन्याने होकार देतात आणि त्या होकारावर कॅनव्हास ताणून बसण्यात अर्थ नसतो. ‘याआधीचे चित्र केव्हा आणि कुठून घेतले?’ या प्रश्नाला मात्र खरे उत्तर मिळते. न घेता गेलेल्यांना गाठणे अधिक कठीण असते, पण त्यांच्याकडून कळणारे अधिक मोलाचे असते. बड्या पाहण्यांतही ही मंडळी फारशी भेटत नाहीत.

संख्या थोडी असल्यामुळे या नोंदींवरून टक्केवारी काढण्याचा उद्योग मी करत नाही. तरीही निर्णयाला लागणारा काळ मला वाटत होता त्याहून कितीतरी मोठा असतो, हे त्यांत वारंवार दिसले. म्हणून प्रदर्शन संपल्यावर चौकशी करून गेलेल्यांना दोन-तीन महिन्यांनी एकदा लिहिण्याची सवय मी लावून घेतली, आणि प्रत्येक चित्राखाली आता मापाबरोबर फ्रेमसह वजन, किंमत आणि भिंतीवर लावलेल्या स्थितीतील एक छायाचित्रही असते.

वेळ कमी असेल त्याने लिलावांचे प्रकरण आणि देशनिहाय वाटण्या खुशाल ओलांडाव्यात. तेथे प्रामुख्याने दुय्यम बाजाराची, म्हणजे एकदा विकली गेलेली कलाकृती पुन्हा विकली जाण्याची हकिकत आहे आणि जिवंत, होतकरू कलाकाराशी तिचा संबंध दूरचा आहे. विक्रेत्यांचे प्रकरण सावकाश वाचावे, त्यातही छोट्या उलाढालीच्या विक्रेत्यांचे तक्ते. संग्राहकांचा भाग हातात पेन्सिल घेऊन वाचावा आणि केवळ प्रश्न उतरवून घ्यावेत. पाचपैकी गुण द्यायचेच झाले तर बाजाराचा अहवाल म्हणून मी याला साडेचार देईन आणि कलाकाराचे मार्गदर्शक पुस्तक म्हणून अडीच. अर्थात, ते पुस्तक असल्याचा दावा अहवालाने कुठेही केलेला नाही.